छोट्या टायपातले नाव

१८५८ साली लंडनमध्ये शरीररचनेवरचे एक जाडजूड पुस्तक छापून तयार होत होते. मुखपृष्ठाचे प्रूफ लेखकाकडे तपासायला आले. लेखक हेन्री ग्रे, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलातले तरुण शल्यवैद्य. प्रुफावर त्यांचे नाव आणि आकृत्या काढणाऱ्याचे नाव एकाच मापाच्या टायपात जुळवलेले होते. ग्रे यांनी दुसऱ्या नावाखाली लिहिलेले प्राध्यापकपद खोडले आणि ते नाव लहान टायपात घ्यायला सांगितले. पुस्तकात ३६३ आकृत्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक त्या दुसऱ्या माणसाच्या हातच्या. मोबदला ठरला तो असा: ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड आणि आकृत्या काढणाऱ्याला एकदाच १५० पौंड. पुढे ते पुस्तक जगभर ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या नावाने ओळखले गेले.

खोडलेले ते पद मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले होते. आणि ज्याचे नाव लहान झाले तो हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत येऊन दाखल झाला होता.

वैद्यकशास्त्रात कोणाचे नाव किती मोठ्या टायपात छापायचे, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत मिटलेला नाही. टायप मात्र बदलला. आज तो आकड्यांचा आहे. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, तो ज्या नियतकालिकात छापला त्याचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ किती, यावर नेमणुका, बढत्या आणि अनुदाने ठरतात. त्वचारोगशास्त्राच्या संशोधनाचा कल कुठे चालला आहे हे सांगणारे लेखही हेच आकडे मांडतात. या मोजणीच्या आधी काय होते आणि मोजणी आल्यावर काय झाले, हे बघायचे तर कुष्ठरोगासारखे दुसरे उदाहरण मला सापडत नाही. त्वचेवर दिसणारा, मज्जातंतूंमध्ये मुरणारा हा रोग. त्याच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे श्रेय कोणाला लाभले आणि कोणाच्या हातून निसटले, याचीच कहाणी आहे. आणि त्या कहाणीचा एक धागा मुंबईतून जातो.

कार्टर मुंबईत आला तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता. चित्रकाराचा मुलगा. हातात पेन्सिल आणि डोळ्यासमोर सूक्ष्मदर्शक, हीच त्याची दोन हत्यारे. महारोगी तेव्हा शहरात रस्त्यावर, देवळांच्या पायऱ्यांवर, धर्मशाळांच्या कडेला दिसत. युरोपातल्या डॉक्टरांनी ज्या रोगाबद्दल पुस्तकात वाचलेले असे, तो कार्टरला रोज समोर दिसत होता. रुग्णांच्या जाड झालेल्या मज्जातंतूंचे छेद घेऊन त्याने ते तपासले आणि जे दिसले ते रेखाटले. बधिर चट्टे आणि आतले मज्जातंतू यांचा संबंध त्याने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुंबईच्या वैद्यकीय मंडळींपुढे मांडला. नंतर काही वर्षे तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. मदुरापाद म्हणजे पायाला सूज येऊन भोकांतून दाणे बाहेर टाकणारा रोग. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायात तो दिसे. त्यामागे बुरशी आहे हे सांगणारे कार्टरचे पुस्तक १८७४ मध्ये निघाले.

कुष्ठरोगाच्या ओढीने १८७३ मध्ये रजेवर असताना तो नॉर्वेला गेला. मुंबईचा डॉक्टर तिकडे का जाईल? कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या रोगाचा सर्वांत शिस्तबद्ध अभ्यास बर्गन या बंदरगावात चालला होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांत आणि शेतकऱ्यांत तिथे कुष्ठरोग माजलेला होता. डॅनियल डॅनियलसन आणि विल्हेल्म बेक या दोघांनी १८४७ मध्ये कुष्ठरोगावर मोठा ग्रंथ आणि रंगीत चित्रांचा संच काढला होता. १८५६ पासून नॉर्वे सरकारने देशभरातल्या कुष्ठरुग्णांची नावानिशी नोंदवही सुरू केली होती. गावोगावचे डॉक्टर वर्षाकाठी नोंद पाठवत. एका रोगासाठी राष्ट्रव्यापी नोंदवही ठेवणारा जगातला तो पहिला देश.

त्याच १८७३ साली, फेब्रुवारीच्या अखेरीस, डॅनियलसनचा जावई गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन याला रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या द्रवात काडीसारखे जंतू दिसले होते. रोग आनुवंशिक आहे असे त्याचा सासरा ठामपणे मानत होता. तो संसर्गजन्य आहे, असे हॅन्सनला नोंदवहीच्या अभ्यासातून वाटू लागले होते. आता डोळ्यांना पुरावा दिसत होता. पण हॅन्सन सावध माणूस. १८७४ मध्ये त्याने आपला अहवाल नॉर्वेजियन भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यात जंतू पाहिल्याचे लिहिले, मात्र हाच रोगाचे कारण आहे असे छातीठोकपणे म्हटले नाही. जंतू रंगवून स्पष्ट दाखवण्याची पद्धत त्याला तेव्हा साधलेली नव्हती. इंग्रजीत त्याचा गोषवारा १८७५ मध्ये आला. लंडनमध्ये तो किती जणांनी वाचला कोण जाणे. कार्टरने मात्र नॉर्वेतल्या कुष्ठाश्रमांवर आणि तिथल्या व्यवस्थेतून हिंदुस्थानने काय घ्यावे यावर अहवाल लिहिला. तो १८७४ मध्ये छापला गेला. मुंबईचा डॉक्टर आणि बर्गनचा डॉक्टर एकाच प्रश्नाला दोन टोकांनी भिडले होते. आज पाठ्यपुस्तकात एकच नाव येते.

१८७९ च्या उन्हाळ्यात बर्गनमध्ये एक पाहुणा आला. अल्बर्ट नाइसर. वय चोवीस. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊमध्ये काम करणारा, हुशार आणि महत्त्वाकांक्षी. परम्याचा जंतू त्याने त्याच वर्षी शोधला होता. नॉर्वेत त्याने शंभराहून अधिक रुग्ण तपासले आणि हॅन्सनकडून नमुने घेऊन तो परत गेला. ब्रेस्लाऊत ॲनिलीन रंगांची नवी कला अवगत होती. फुक्सिन आणि जेंशियन व्हायोलेट वापरून त्याने जंतू लखलखीत रंगवले, आणि वर्षअखेरीच्या आत कुष्ठरोगाच्या कारणाविषयीचा लेख जर्मनमध्ये छापून टाकला. शोध आपला असल्याचा सूर त्यात स्पष्ट होता.

बर्गनमध्ये खळबळ उडाली. आपला हक्क मांड म्हणून हॅन्सनच्या मागे लागणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होता त्याचा सासरा. आपला आनुवंशिकतेचा सिद्धांत जावयाने मोडीत काढला, तरी मान मिळायचा तो जावयालाच मिळाला पाहिजे, असे त्या म्हाताऱ्याला वाटत होते. मला या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो. हॅन्सनने १८८० मध्ये नॉर्वेजियन, जर्मन आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लेख लिहून १८७० पासूनचे आपले काम तारीखवार मांडले. अखेर जगाने त्याचा हक्क मान्य केला. १८९७ मध्ये बर्लिनला पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद भरली. १९०९ ची दुसरी परिषद बर्गनलाच झाली आणि अध्यक्षस्थानी हॅन्सन होता.

त्या भांडणाची किंमत एका स्त्रीने मोजली. जंतूच रोग निर्माण करतो हे सिद्ध करायचे तर जंतू टोचून रोग झाला पाहिजे. प्राण्यांवरचे प्रयोग फसत होते. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्याने आपल्याच रुग्णालयातल्या तेहतीस वर्षांच्या एका स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतले द्रव्य सुरीने घातले. तिला रोगाचा वेगळा, बधिर चट्ट्यांचा प्रकार होता. तिने रुग्णालयाच्या धर्मगुरूकडे तक्रार केली. खटला चालला. १८८० मध्ये बर्गनच्या न्यायालयाने हॅन्सनला रुग्णालयातल्या पदावरून काढून टाकले. देशाचा कुष्ठरोग अधिकारी म्हणून तो राहिला. नाइसरचाही दिवस आला. १८९२ मध्ये त्याने उपदंशाच्या रुग्णांचे रक्तद्रव इतर रुग्णांना टोचले. त्यांत बहुतेक वेश्या होत्या आणि कोणालाही विचारलेले नव्हते. १८९८ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केल्यावर जर्मनीत संताप उसळला, त्याला दंड झाला आणि प्रशिया सरकारने डिसेंबर १९०० मध्ये रुग्णाची संमती बंधनकारक करणारा आदेश काढला. दोघांचीही नावे आज जंतूंना आहेत: एकाचे कुष्ठरोगाच्या जंतूला, दुसऱ्याचे परम्याच्या जंतूच्या कुळाला. आदेशामागे ज्या स्त्रिया होत्या त्यांचा उल्लेख कोणत्याही संदर्भसूचीत करता येत नाही. तशी सोयच त्या सूचीत नाही.

आता मुंबईकडे वळू. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्यांत एक होते डॉ. भाऊ दाजी लाड, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. धर्मार्थ दवाखाना, मुलींच्या शाळा, नाटके, संग्रहालय, शिलालेख: त्यांच्या आयुष्यात काय नव्हते, असे विचारावे लागते. कुष्ठरोगावर त्यांनी कडू कवठाच्या, म्हणजे खष्टाच्या, बियांच्या तेलाने उपचार सुरू केले. रुग्णांना गुण येतो अशी कीर्ती पसरली आणि लांबून लोक येऊ लागले. पण औषधाची कृती, मात्रा, किती रुग्णांवर काय परिणाम झाला, हे सगळे व्यवस्थित मांडून छापण्याआधीच त्यांना पक्षाघाताने गाठले. १८७४ मध्ये ते गेले. हॅन्सनचा अहवाल, कार्टरची पुस्तके आणि भाऊ दाजींचा मृत्यू ही सगळी एकाच वर्षातली गोष्ट.

याच भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले, कालिदासाच्या काळाचा ऊहापोह केला, आणि ते लेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आले. पुढे त्यांचा संग्रहही निघाला. प्राचीन भारताच्या अभ्यासकाला आजही तळटीपेत ‘भाऊ दाजी’ लिहावे लागते. कुष्ठरोगाच्या अभ्यासकाला मात्र ते लिहावे लागत नाही, कारण टीप द्यायला लेखच नाही. छापलेला शब्द आणि न छापलेले काम यांतला फरक यापेक्षा ठळक दाखवता येणार नाही. एकाच माणसाच्या आयुष्यात तो दिसतो.

कार्टरने मागितलेले कुष्ठाश्रम मुंबईत यायला आणखी दीड दशक लागले. १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी अर्बुथनॉट ॲक्वर्थ यांनी माटुंग्याजवळ बेघर महारोग्यांसाठी आश्रम उघडला. वडाळ्याचे आजचे ॲक्वर्थ रुग्णालय ते हेच. हे ॲक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापणारे गृहस्थ. शाहिरांच्या तोंडी असलेले पोवाडे छापील झाले म्हणून टिकले, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

पुन्हा तेलाकडे येऊ. खष्टाचा भाऊबंद म्हणजे चौलमुगरा. त्याच्या बियांचे तेल कलकत्त्याच्या फ्रेडरिक मौअॅट यांनी १८५४ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकात आणले होते. अडचण अशी की तेल घट्ट आणि कडू. पोटात घेतले तर मळमळ आणि उलट्या, सुईने टोचले तर कातडीखाली ते साचून गाठी येत. गुण येतो आहे असे वाटले तरी रुग्णाला ते सोसत नसे. यावर उपाय काढला हवाई बेटांवरच्या तेवीस वर्षांच्या एका मुलीने. ॲलिस बॉल, कृष्णवर्णीय, सिएटलला जन्मलेली. १९१५ मध्ये हवाईच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्रात एम. एस. झाली. तिथून ही पदवी घेणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. होनोलुलूच्या कालिही रुग्णालयातले डॉ. हॅरी हॉलमन तिच्याकडे चौलमुगऱ्याचा प्रश्न घेऊन आले. दिवसा शिकवायचे, उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. तेलातली मेदाम्ले वेगळी करून तिने त्यांचे एथिल एस्टर तयार केले. ते पातळ होते, सुईतून जात आणि शरीर ते शोषून घेई. प्रयोग लिहून छापण्याआधी ती आजारी पडली आणि ३१ डिसेंबर १९१६ रोजी, चोवीस वर्षांची असताना वारली.

तिचे काम पुढे चालवले महाविद्यालयाचे अध्यक्ष आणि रसायनशास्त्रज्ञ आर्थर डीन यांनी. ते मोठ्या प्रमाणावर एस्टर करू लागले, लेख लिहिले, आणि त्या लेखांत ॲलिस बॉलचे नाव कुठेही नव्हते. पद्धतीला ‘डीनची पद्धत’ म्हणू लागले. १९२२ मध्ये हॉलमन यांनी त्वचारोग आणि उपदंश यांना वाहिलेल्या अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला आणि त्यात स्पष्ट म्हटले की ही ‘बॉलची पद्धत’ आहे, आणि तिच्या मूळ कृतीत नंतर कोणतीही सुधारणा झालेली त्यांना दिसत नाही. एका लेखातला एक परिच्छेद. पुढची कित्येक दशके तो ग्रंथालयाच्या कपाटात पडून होता. तो शोधून काढणाऱ्या अभ्यासकांमुळेच आज तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. २९ फेब्रुवारी २००० रोजी होनोलुलूच्या विद्यापीठाने आवारातल्या चौलमुगऱ्याच्या झाडाखाली तिच्या नावाची पाटी बसवली.

हॉलमन यांचा लेख ज्या नियतकालिकात आला त्याच्या नावाकडेही बघायला हवे. ‘त्वचारोग आणि उपदंशशास्त्र संग्रह’ असे ते नाव होते. त्या काळी त्वचारोगतज्ज्ञाची निम्मी कमाई आणि निम्म्याहून जास्त अभ्यास उपदंशाचा. १९४३ मध्ये पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दिसले आणि एका दशकात शास्त्राचे अर्धे अंग झडून गेले. १९५५ मध्ये त्या नियतकालिकाने नावातला उपदंश काढून टाकला. संशोधनाचा कल बदलतो म्हणजे काय, हे कोणत्याही आलेखाशिवाय एका मुखपृष्ठावरून कळते. आपल्याकडे उलटी वाट दिसते. १९३५ मध्ये मुंबईहून डॉ. यू. बी. नारायण राव यांनी गुप्तरोगांवरचे नियतकालिक सुरू केले. पुढे त्यात त्वचारोग आले, आणि १९७६ मध्ये नावात ‘कुष्ठरोगशास्त्र’ हा तिसरा शब्द जोडला गेला. जगातल्या दुसऱ्या भागात शब्द गळत होते तेव्हा भारतीय डॉक्टर एक शब्द वाढवत होते. कारण तो रोग इथे होता.

ज्या वर्षी अमेरिकेत तो उपदंश गळाला त्याच १९५५ मध्ये यूजीन गारफील्ड या तिशीच्या न्यूयॉर्ककराने ‘सायन्स’मध्ये एक लेख लिहिला. त्याची कल्पना वकिलांकडून आली होती. अमेरिकेत १८७३ पासून, म्हणजे हॅन्सनला जंतू दिसला त्याच वर्षापासून, फ्रँक शेपर्ड नावाचा माणूस न्यायालयीन निवाड्यांच्या समासात चिकटवायच्या पट्ट्या विकत असे. कोणत्या नंतरच्या निवाड्याने या निवाड्याचा आधार घेतला, हे त्या पट्ट्यांवर असे. विज्ञानातही असेच का करू नये, असे गारफील्डने विचारले. लेखकाने मागे कोणाचा आधार घेतला हे प्रत्येक लेखात असतेच. ते उलटे फिरवले की या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे कळेल. न्यू जर्सीत एका जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात त्याने कचेरी थाटली होती. १९६४ पासून त्याची विज्ञान-संदर्भसूची निघू लागली. पहिल्या सूचीत ६१३ नियतकालिके होती आणि चौदा लाख उल्लेख.

हेतू चांगला होता, आणि मी तो मनापासून मानतो. अशी सूची १९२२ मध्ये असती तर हॉलमनचा परिच्छेद कित्येक दशके हरवला नसता. ‘बॉल’ या शब्दाचा माग लागला असता. तरुण संशोधकाला आपल्या आधी वाट चाललेल्या माणसापर्यंत पोहोचवणारे ते साधन होते. गणिती तराजू त्यातून नंतर निघाला. १९७५ पासून नियतकालिकांचे उल्लेख-अहवाल निघू लागले आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ ठरला: मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा किती वेळा उल्लेख झाला, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. ग्रंथपालांनी कोणते अंक मागवायचे ते ठरवायला हे सोपे होते.

दोन वर्षे. कुष्ठरोगाचा जंतू बारा ते चौदा दिवसांत एकदा दुप्पट होतो. बहुतेक जंतू तासाभरात होतात. माणसाच्या अंगात शिरल्यापासून पहिला चट्टा उमटायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तो आजपर्यंत वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात तो वाढवून दाखवला तेव्हा कुठे औषधांची परीक्षा घेता येऊ लागली, आणि तिलाही एकेका वेळी महिनोन्महिने लागत. अशा रोगावर काम करणाऱ्याचा लेख दोन वर्षांच्या खिडकीतून मोजायचा म्हणजे वडाचे झाड पावसाळी भाजीच्या वाफ्यात मोजण्यासारखे आहे. मोजणी खोटी नसते, पण ती वडासाठी केलेली नसते.

तरीही एक लेख या खिडकीच्या पलीकडे जाऊन टिकला. १९६६ मध्ये डेनिस रिडली आणि विल्यम जोपलिंग या लंडनच्या दोन डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग नियतकालिकात अठरा-एकोणीस पानांत रोगाचे पाच गट पाडले. एका टोकाला शरीर जंतूशी जोमाने लढते आणि चट्टे थोडे, दुसऱ्या टोकाला शरीर हार मानते आणि जंतू अंगभर. मध्ये तीन पायऱ्या. आजही वैद्यकीय महाविद्यालयात कुष्ठरोगाची चिठ्ठी लिहिताना निवासी डॉक्टर याच पाच गटांची अक्षरे लिहितो. कुष्ठरोगाच्या वाङ्मयात या लेखाइतका आधार घेतलेले लेख फार थोडे.

मला त्यात एक गोष्ट दिसते. त्वचारोगशास्त्रात ज्या लेखांचे उल्लेख अखंड होत राहतात ते बहुतेक मोजपट्ट्यांचे आहेत. मेलॅनोमाची जाडी मोजणारा ब्रेस्लो यांचा १९७० चा लेख. सोरायसिसची व्याप्ती आणि तीव्रता अंकात मांडणारा १९७८ चा लेख. अटॉपिक त्वचादाहाची लक्षणे ठरवणारा हॅनिफिन आणि रायका यांचा १९८० चा लेख. त्वचारोगाने रोजचे जगणे किती बिघडते हे दहा प्रश्नांत विचारणारा, कार्डिफच्या फिनले आणि खान यांचा १९९४ चा लेख. प्रत्येक नव्या औषधाच्या चाचणीत यांतली एखादी पट्टी लागते, म्हणून तिचा उल्लेख येतो. ज्याने मोजायला दिले त्याचे नाव प्रत्येक मोजणीबरोबर पुन्हा छापले जाते. टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हात त्वचा कशी भाजते आणि काळवंडते यावरून गट पाडले, तेही उपचारातली किरणांची मात्रा ठरवण्यासाठी. पहिले गट गोऱ्या त्वचेचे होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा गट नंतर जोडले गेले. आपल्यातले बरेच जण त्या नंतर जोडलेल्या ओळीत बसतात, आणि पुण्या-मुंबईचा त्वचारोगतज्ज्ञही लेझरची मात्रा ठरवताना तीच पट्टी हातात घेतो.

मोजपट्टी नसलेल्या कामाचे काय झाले? १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान सुरू झाले आणि डॉ. आर. व्ही. वर्देकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन कलमी पद्धत बसवली. कार्यकर्त्याने घरोघर जायचे, उघड्या अंगावर उजेडात चट्टे बघायचे, गावाला रोगाबद्दल सांगायचे आणि डॅप्सोनच्या गोळ्या पोचवायच्या. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तीच पद्धत उचलली. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर कर्करोगाबरोबर कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे छेद तपासत होते, आणि जंतू मज्जातंतूंच्या वाटेने कसा पसरतो याचा मागोवा घेत होते. त्यांचा १९५१ चा अहवाल भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने काढला. सरकारी अहवाल म्हणून तो छापला गेला, आणि अहवाल हे नियतकालिक नव्हे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८१ च्या अभ्यासगटाने डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमीन या तिन्हींचा एकत्र उपचार सुचवला. त्या आधारे देशात सुरुवात झाली त्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. १९८५ मध्ये जगात नोंदलेले कुष्ठरुग्ण बावन्न लाखांवर होते. पुढच्या वीस वर्षांत ते अडीच-तीन लाखांपर्यंत उतरले.

रुग्ण कमी झाले तसे लेख कमी झाले, लेख कमी झाले तसे उल्लेख. डिसेंबर २००५ च्या अखेरीस भारताने कुष्ठरोगाचे राष्ट्रीय पातळीवर निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्याच २००५ मध्ये, १९३३ पासून चालत आलेले ते आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग नियतकालिक बंद पडले. रिडली आणि जोपलिंग यांचा लेख ज्यात आला तेच हे. आणि रोग? आजही जगात दरवर्षी पावणेदोन ते दोन लाख नवे रुग्ण नोंदले जातात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक भारतात. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, पालघर ही नावे ज्यांच्या कामाच्या वाटेवर येतात त्यांना हे सांगायला नको. चट्ट्यांची संख्या आणि उल्लेखांची संख्या यांचे नाते तुटले आहे. सध्या त्वचारोगशास्त्रातला संशोधनाचा ओघ सोरायसिस, अटॉपिक त्वचादाह आणि मेलॅनोमा यांच्याकडे आहे. ते चुकीचे नाही, त्या रुग्णांचे दुःखही खरेच आहे. पण जिथे औषधकंपनी नाही तिथे लेख नाही, आणि जिथे लेख नाही तिथे आकडा नाही. त्या शून्याकडे बघून कुणी रोगच नाही असे म्हणू लागला तर तो वैद्यकाचा फार मोठा अपराध ठरेल.

बर्गनमधल्या सेंट योर्गन रुग्णालयात शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये मेले. लाकडी खोल्या आता संग्रहालय आहेत. १८५६ ची ती नोंदवही मात्र पुन्हा उघडली गेली. लॉरेंट्स इर्गेन्स या नॉर्वेजियन संशोधकाने तीवरून आपल्या देशात कुष्ठरोग कसा पसरला आणि कसा ओसरला याचा अभ्यास १९८० मध्ये छापला. शंभर वर्षांमागच्या गावडॉक्टरांनी हाताने लिहिलेल्या नोंदी त्यात आधार म्हणून आल्या. २००१ मध्ये युनेस्कोने बर्गनच्या कुष्ठरोग दप्तराला जगाच्या स्मृतीच्या यादीत स्थान दिले. आठ हजारांहून अधिक माणसे त्या नोंदीत आहेत. प्रत्येकासमोर नाव, गाव, जन्माचे वर्ष आणि रोग पहिल्यांदा दिसला ते साल आहे. अक्षर सगळ्यांचे एकाच मापाचे.